लखनौची मलाई आणि कोटीपोटातील जीवसृष्टी

लखनौच्या खाद्यपरंपरेचा इतिहास लिहिताना नवाबांच्या मुदपाकखान्यांचे वर्णन सविस्तर होते. परंतु मलाई गिलौरी आणि हिवाळ्यातील फेसाळ मक्खन-मलाई ज्या स्निग्धांशावर उभी राहिली, त्याचा मोठा भाग अवधच्या गव्हाच्या भुशातून घडत आला, याची नोंद क्वचितच घेतली जाते. भुशातील सेल्युलोज, म्हणजे वनस्पतींच्या पेशीभित्तीतील तंतुमय द्रव्य, पचवणारी विकरे गाई-म्हशींच्या शरीरात तयार होत नाहीत. ते काम कोटीपोटात, म्हणजे जठराच्या चार कप्प्यांपैकी सर्वांत मोठ्या कप्प्यात, प्राणवायूविना जगणारे जीवाणू, बुरशी आणि आदिजीव करतात. लखनौच्या गादीवर अमजद अली शाह असताना, 1843 मध्ये, पॅरिसमध्ये ग्रुबी आणि देलाफों यांनी या आदिजीवांचे वर्णन केले. मात्र असे सूक्ष्मजीव प्राणवायूपासून दूर ठेवून प्रयोगशाळेत वाढवण्याची खात्रीची पद्धत रॉबर्ट हंगेट यांनी रूढ करेपर्यंत विसावे शतक निम्मे सरले होते.

चारा आंबताना अ‍ॅसेटिक, प्रोपिऑनिक आणि ब्युटिरिक ही आम्ले तयार होतात. चारा जितका तंतुमय, तितके अ‍ॅसेटिक आम्लाचे प्रमाण अधिक, आणि दुधातील स्निग्धांशाचा मोठा भाग कासेत त्यापासूनच बनतो. पण ते तयार होताना हायड्रोजनही सुटतो, जो आर्किया हे जीवाणूंहून वेगळ्या कुळातील सूक्ष्मजीव कार्बन डायऑक्साइडशी जोडून मिथेन बनवतात, आणि हा वायू मुख्यतः ढेकरेवाटे हवेत जातो. शंभर वर्षांच्या हिशेबात त्याची तापमानवाढीची क्षमता तितक्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 28 पट आहे. मलाई आणि मिथेन यांचा उगम असा एकाच प्रक्रियेत असल्याने केवळ जनावराला दोषी ठरवणे अन्यायाचे आहे.

लखनौमध्ये 1938 साली दूध उत्पादकांचा सहकारी संघ स्थापन झाला आणि खेड्यांतील दूध शहरात आणण्याला संघटित रूप आले. तथापि संकलन सुधारले म्हणून कोटीपोटातील घडामोडी बदलत नाहीत. धान्य वाढवल्यास प्रोपिऑनिक आम्ल वाढून मिथेन घटतो, पण स्निग्धांशही उतरतो, आणि दुधाचा दर स्निग्धांशावर ठरत असेल तेथे ते पशुपालकाला परवडत नाही. त्यापेक्षा पेंड आणि विसाव्या शतकाच्या आरंभी इजिप्तमधून भारतात आलेले बरसीम हे द्विदल हिरवे पीक अधिक उपयोगी ठरते, कारण भुशात अत्यल्प असलेले नत्र त्यांतून सूक्ष्मजीवांना मिळते, पचन सुधारते, दूध वाढते आणि प्रत्येक लिटरमागे सुटणारा मिथेन कमी होतो.