प्रयोगाविना तालीम

गेल्या वर्षीची गोष्ट. शाळेचे स्नेहसंमेलन झाले. पडदे उतरले, भाड्याने आणलेले मुकुट आणि दाढ्या पेटाऱ्यात बसून परत गेल्या. पुढच्या शनिवारी शाळा सुटल्यावर मी वर्गाला कुलूप लावीत होतो, तोच सातवीतली एक मुलगी समोर येऊन उभी राहिली.

"सर, तालीम?"

"कशाची गं? नाटक झालं की!"

"म्हणूनच विचारते. आता घाई नाही ना?"

मी चपापलो. या मुलीला नाटकात आधी चांगले मोठे काम दिलेले होते. पण तिला भाषण पाठ होईना. अर्थ बरोबर सांगायची, शब्द मात्र दर वेळी स्वतःचे! संमेलनाला आठ दिवस उरले, तेव्हा मी ते काम काढून एका पाठांतर पक्के असलेल्या मुलीला दिले. नाटक उत्तम झाले, टाळ्या पडल्या. हिशेब मिटला असे मी समजत होतो.

त्या रात्री मला रशियातल्या एका म्हाताऱ्या नटाची आठवण झाली. दिवाळीच्या फराळाबरोबर त्याची हकीकत वाचकांना सांगावीशी वाटते.

त्याचे नाव कॉन्स्टान्टिन स्तानिस्लावस्की. जन्म १८६३ चा. घरचा सोन्या-चांदीच्या जरीतारांचा कारखाना. १८९८ मध्ये नेमिरोविच-दान्चेन्को या मित्रासह त्याने मॉस्को आर्ट थिएटर काढले आणि चेकॉव्हच्या नाटकांनी ते नावारूपाला आणले. आता अशा माणसाने कीर्तीची ऊब घेत स्वस्थ बसावे की नाही? पण याला एकच रुखरुख. रोज रात्री पडदा वर जायचाच, तिकिटे विकली गेलेली. मग नटाने नवे काही शोधावे कधी, आणि चुकावे कुठे?

म्हणून १९०५ साली त्याने मॉस्कोच्या पोवारस्काया रस्त्यावर एक निराळी जागा घेतली. स्टुडिओ म्हणायचे, पण खरे तर ती प्रयोगशाळाच. तरुण दिग्दर्शक मेयरहोल्ड याच्या हाती त्याने ती सोपवली आणि खर्च स्वतःच्या खिशातून केला. उन्हाळाभर तालमी चालल्या. शरदात रंगीत तालीम झाली. रंगमंच अंधुक, नट सावल्यांसारखे. स्तानिस्लावस्कीने उजेड वाढवायला सांगितले. उजेड झाला आणि चित्र विस्कटले. दिग्दर्शकाची कल्पना सुंदर होती, पण नट अजून कच्चे होते. अंधाराने ते झाकले होते इतकेच. त्यातच रशियात क्रांतीची धामधूम उसळली. स्तानिस्लावस्कीने स्टुडिओ बंद केला. प्रेक्षकांपुढे एकही खेळ झाला नाही. कच्चे काम दाखवले तर कल्पनेचीच हानी होते, असे त्याचे मत. पैसे बुडाले, ते त्याने पुढे कित्येक वर्षे फेडले.

दुसरा असता तर कानाला खडा लावता. याने १९१२ मध्ये पुन्हा स्टुडिओ काढला. वाख्तांगोव्ह, मिखाइल चेकॉव्ह यांसारखे कलावंत त्यातून घडले.

१९२८ साली थिएटरच्या तिसाव्या वाढदिवशी भूमिका करताना त्याला रंगमंचावरच हृदयविकाराचा झटका आला. अंक मात्र त्याने पुरा केला. त्यानंतर तो पुन्हा नट म्हणून उभा राहिला नाही. पण तालमी सुटल्या नाहीत! अखेरच्या वर्षांत त्याने काही अनुभवी नटांना जमवून मोलिएरचे 'तार्त्यूफ' हाती घेतले, आणि आरंभीच बजावले की मला खेळ बसवायचा नाही. ज्याला नुसती भूमिका हवी असेल त्याने यात पडू नये. भाषणे पाठ करायची नाहीत. आधी प्रसंगात आपण काय करू ते करून पाहायचे, बोलायचे ते आपल्याच शब्दांत. लेखकाचे शब्द मागाहून. नाटकातल्या कुटुंबाचे घर समजून हे प्रौढ नट थिएटरच्या खोल्या पाहत हिंडले आणि कुणाची खोली कोणती ते ठरवू लागले. भातुकलीच म्हणा ना!

१९३८ च्या आरंभी सरकारने मेयरहोल्डचे थिएटर बंद पाडले. त्याच्याकडे पाहायला लोक धजेनात, तेव्हा या आजारी वृद्धाने त्याला आपल्या संगीतिका-थिएटरात काम दिले. तेहतीस वर्षांमागे ज्याचा स्टुडिओ आपणच बंद केला, त्याच्यासाठी दार उघडले. ७ ऑगस्ट १९३८ रोजी स्तानिस्लावस्की वारला. पुढल्याच वर्षी मेयरहोल्डला अटक झाली आणि फेब्रुवारी १९४० मध्ये त्याला गोळी घातली. 'तार्त्यूफ' मात्र केद्रोव्हने पुरे केले आणि १९३९ मध्ये ते रंगभूमीवर आले. ज्याचा खेळ करायचाच नव्हता, त्याचा खेळ झाला!

आपल्याकडे स्तानिस्लावस्की मराठीत आणला तो के. नारायण काळे यांनी, 'अभिनयसाधना' या पुस्तकातून. १९३३ साली 'आंधळ्यांची शाळा' रंगभूमीवर आणणाऱ्या नाट्यमन्वंतर मंडळींपैकी ते एक. आणि १९७४ पासून मुंबईची प्रायोगिक नाटके बहरली तीही दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात. शाळामास्तराला याचा थोडा अभिमान वाटला तर वाचकांनी हसू नये.

आपल्या भाषेत नाटकाचा खेळ तोही 'प्रयोग' आणि प्रयोगशाळेतला तोही 'प्रयोग'. शब्द एक, पण पहिला तारखेला बांधलेला; दुसऱ्याला फसण्याची मुभा. मी वर्षानुवर्षे पहिलाच करीत आलो. तारखेच्या धाकाशिवाय कामे पुरी होत नाहीत हे मलाही ठाऊक आहे. पोवारस्कायाचे कर्ज काही खोटे नव्हते. संमेलन यंदाही होईल, आणि तेव्हा पाठांतर लागेलच.

पण आता शनिवारी शाळा सुटल्यावर आम्ही तासभर वर्ग उघडा ठेवतो. प्रेक्षक नाहीत, बक्षीस नाही, पुस्तक मिटलेले. मागच्या शनिवारी त्या मुलीने घरात हरवलेली आईची नथ शोधली. डबे उघडले, गादी उलटली, मग एकदम थांबून ती हळूच म्हणाली, "आईला सांगू नका हं." हे वाक्य कुठल्याही नाटकात नव्हते. टाळी कुणीच वाजवली नाही. सगळी मुले जमिनीवर नथ शोधत होती. मीही.