कागदी शंकू, खर्ज आणि सबवूफर

सबवूफर हा शब्द उच्चारला की आपल्याकडे बहुतेकांच्या डोळ्यांसमोर दोनच गोष्टी येतात. एक म्हणजे मिरवणुकीतली छाती हादरवणारी डीजेची भिंत, आणि दुसरी संगणकाच्या टेबलाखाली धप धप करणारी काळी पेटी. बैठकीचे गाणे ऐकणारी मंडळी तर या शब्दानेच कपाळाला आठ्या घालतात. "अहो, किशोरीताई ऐकायला सबवूफर कशाला हवा?" असे मला अनेकांनी विचारले आहे. स्पीकरच्या पेट्या घरी बनवण्याचा नाद मला बऱ्याच वर्षांपासून आहे, त्यामुळे हा प्रश्न नेमका माझ्याच वाट्याला येतो. माझे उत्तर थोडे उलटे असते. सबवूफर खर्ज वाढवण्यासाठी लावायचा नसतो, गळा स्वच्छ ऐकू यावा म्हणून लावायचा असतो. हे पटण्यासाठी शंभर वर्षे मागे जावे लागते.

१९२५ साली अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीतले चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग या दोघा अभियंत्यांनी एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. चुंबकाच्या फटीत तारेचे वेटोळे, त्याला चिकटवलेला सुमारे सहा इंचांचा कागदी शंकू, आणि पुढचा व मागचा आवाज एकमेकांत मिसळू नये म्हणून लावलेली फळी, अशी ती रचना. चुंबक बदलले, कागदाच्या जोडीला प्लॅस्टिक आणि धातू आले, पण आजही आपल्या कानांवर पडणारा यंत्रातला बहुतेक आवाज याच रचनेतून येतो. योगायोग असा की मायक्रोफोन वापरून विजेवर ध्वनिमुद्रण करण्याची पद्धतही त्याच १९२५ साली बाजारात आली. त्याआधी गाणाऱ्यांना भोंग्यात तोंड घालून ओरडावे लागत असे.

सुरुवातीला सगळा आवाज एकाच शंकूतून यायचा. आपल्या घरांतले वाल्व्हचे रेडिओ आठवा. पणजीचे 'एमिसोरा दे गोवा' १९४६ साली सुरू झाले. ते केंद्र, मुंबई आकाशवाणी किंवा रेडिओ सिलोन, काहीही लावा, लाकडी कपाटाच्या कापडामागे बहुधा एकच स्पीकर असायचा. त्यातून नाट्यपद ऐकताना खालचा आणि वरचा आवाज तुटका आहे हे जाणवत असे, पण गाणारा माणूस मात्र एका जागी उभा राहून गातो आहे असे वाटे. तो 'एका जागी' असण्याचा गुण पुढे हरवला, आणि त्याची किंमत तो हरवल्यावरच कळली.

एका शंकूची अडचण साधी आहे. आवाज एक सप्तक खाली उतरला की तेवढ्याच जोराने ऐकू येण्यासाठी शंकूला चौपट अंतर हलावे लागते. दोन सप्तके उतरला तर सोळापट. म्हणून खर्जासाठी शंकू मोठा हवा. पण मोठा शंकू वरचे स्वर टॉर्चच्या झोतासारखे एकाच दिशेला फेकतो. समोर बसलेल्याला सगळे ऐकू येते, बाजूला बसलेल्याला आवाज घोंगडीतून आल्यासारखा वाटतो. शंकू लहान केला तर वरचे स्वर खोलीभर पसरतात, मात्र खर्ज हातचा जातो. बरे, लहान शंकूवर खर्जाची जबरदस्ती केली तर तो पुढेमागे धडपडू लागतो, वेटोळे चुंबकाच्या फटीतून बाहेर येते, आणि त्याच शंकूवर स्वार असलेला गळाही सोबत थरथरतो. तबलजीने डग्ग्यावर घाव घातला की गायिकेचा आवाज क्षणभर गढूळ होतो, तो यामुळे.

यावर मोठ्या कंपन्यांनी आवाजाचे तुकडे करण्याचा उपाय काढला. २७ एप्रिल १९३३ रोजी बेल प्रयोगशाळेने फिलाडेल्फियात वाजणारा ऑर्केस्ट्रा टेलिफोनच्या तारांवरून वॉशिंग्टनच्या सभागृहात ऐकवला. वादक फिलाडेल्फियात, त्यांचे नेहमीचे संचालक लिओपोल्ड स्टोकोव्स्की मात्र वॉशिंग्टनमध्ये आवाजाच्या खुंट्या फिरवत बसलेले! त्या यंत्रणेत ३०० हर्ट्झच्या खालचा आवाज एका प्रचंड कर्ण्यातून आणि वरचा आवाज वेगळ्या कर्ण्यांतून येत होता. पुढे चित्रपटगृहांनी हीच वाट धरली, मग घरगुती पेट्यांनीही. घरात विभागणी वर सरकली. खाली वूफर, वर ट्विटर आणि मध्ये दोन-तीन हजार हर्ट्झच्या आसपास सांधा.

नेमके इथेच माझे भांडण आहे. माणसाचा कान दोन ते पाच हजार हर्ट्झच्या पट्ट्यात सर्वांत तीक्ष्ण असतो. व्यंजनांची धार, तानेचा दाणा, तंबोऱ्याच्या जवारीची चमक, सारे या भागात. २,५०० हर्ट्झच्या ध्वनिलहरीची लांबी जेमतेम १४ सेंटिमीटर. दोन स्पीकरपासून कानापर्यंतच्या अंतरात ७ सेंटिमीटरचा फरक पडला की सांध्यावर एकाची लहर दुसऱ्याची लहर खाऊन टाकते. खुर्चीत थोडे खाली घसरून बसलात तरी आवाजाचा पोत बदलतो. चांगले कारागीर हा सांधा फार सुंदर जुळवतात, नाही असे नाही. पण घरी करवत आणि फेविकॉल घेऊन बसलेल्या माणसाने तो जुळवायचा म्हणजे कठीण काम.

काही हट्टी माणसांनी एका शंकूचा नाद सोडला नाही. इंग्लंडमध्ये पॉल व्हॉइट याने १९३०च्या दशकात मोठ्या शंकूच्या मध्यभागी दुसरा छोटा शंकू चिकटवून वरचे स्वर सोडवले, आणि खर्जासाठी खोलीच्या कोपऱ्यात उभा राहणारा भला थोरला कर्णा बनवला. त्याचा वारसा लोथर कंपनीने चालवला. १९६८ साली अमर बोस यांनी एका पेटीत नऊ छोटे फुलरेंज स्पीकर बसवले, ट्विटर नाही, वूफर नाही, आणि कमी पडणारा खर्ज विजेच्या जोरावर वाढवला. युक्ती मोठी, पण अॅम्प्लिफायर भरपूर ताकदीचा लागायचा. खर्जाची किंमत या ना त्या रूपात मोजावीच लागते. व्हॉइटने ती जागेत मोजली, बोसने वॉटमध्ये.

खर्जाबद्दल बोलताना एक गमतीची गोष्ट. वर उल्लेखलेल्या १९३३च्या यंत्रणेमागे बेल प्रयोगशाळेतला अल्बर्ट थुरास हा माणूस होता. पेटीला भोक ठेवून आतल्या हवेकडून खर्ज वाजवून घेण्याच्या रचनेचे पेटंट त्याला १९३२ साली मिळाले. आपल्या घुमटाकडे पाहा. मातीच्या घड्याचे एक तोंड कातड्याने मढवलेले, दुसरे लहान तोंड उघडे, आणि वाजवणाऱ्याचा डावा हात त्या उघड्या तोंडावर दाब कमीजास्त करतो. चवथीच्या आरतीत जो 'घूं' उठतो त्यात आतल्या हवेचा वाटा मोठा असतो. थुरासला घुमट ठाऊक होते असे मला मुळीच म्हणायचे नाही. आपल्याकडे सगळे आधीच होते, हा सूर मला आवडत नाही. पण भौतिकशास्त्र एकच आहे, एवढे खरे. (२०१९ साली गोवा सरकारने घुमटाला राज्याचे वारसा वाद्य म्हणून मान्यता दिली. घोरपडीच्या कातड्यावर कायद्याने बंदी असल्याने आता बकऱ्याचे कातडे चढवतात.)

सबवूफरची बदनामी सुरू झाली ती सिनेमामुळे. १९७४च्या 'अर्थक्वेक' चित्रपटासाठी अमेरिकेतल्या थिएटरांत खास मोठे स्पीकर लावून भूकंपाची थरथर निर्माण केली गेली. तिथून सबवूफर म्हणजे हादरा, हे समीकरण बसले. मग आपल्याकडे संगणकासोबत २.१चे संच आले. त्यातले दोन बाजूचे स्पीकर इतके चिमुकले की खालच्या पेटीला दीडशे-दोनशे हर्ट्झपर्यंत चढावे लागे. पुरुषाच्या बोलण्याचा मूळ स्वर साधारण ८५ ते १८० हर्ट्झमध्ये असतो. म्हणजे भीमसेनजींचे डोके टेबलावर आणि धड टेबलाखाली! त्यात सबवूफरचा दोष नव्हता, सांधा चुकीच्या जागी होता.

तोच सांधा ८० हर्ट्झच्या आसपास आणा. तिथे लहरीची लांबी ४.३ मीटर होते. पेटी अर्धा मीटर पुढेमागे झाली तरी फारसे बिघडत नाही, आणि इतका खालचा आवाज कुठून येतो हे कानाला नीट कळतही नाही. चार इंचांच्या फुलरेंज शंकूवरून खालचा भार उतरतो. दहा इंचांच्या वूफरचे क्षेत्रफळ त्याच्या सुमारे सहापट असते, त्यामुळे तो तेच काम न धापा टाकता करतो. आणि ८० हर्ट्झच्या वर अख्खा गळा, जवारी, तबल्याची चाट, सगळे पुन्हा एकाच कागदातून. जुन्या रेडिओचा तो गुण परत येतो.

घरी बनवणाऱ्यांना हे जमू लागले त्याचे श्रेय मी ऑस्ट्रेलियाला देतो. नेव्हिल थील यांनी १९६१ साली आणि रिचर्ड स्मॉल यांनी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला स्पीकरचे मोजके आकडे घेऊन पेटीचे घनफळ गणिताने काढण्याची रीत बसवली. १९७६ साली झिगफ्रीड लिंकविट्झ यांनी रस रायली यांच्यासोबत बसवलेली सांध्याची पद्धत मांडली, ज्यात दोन्ही बाजू सांध्यावर हातात हात घालून चालतात. त्याआधी पेटी बनवणे हे बरेचसे अंदाजाचे काम होते. आता लॅमिंग्टन रोडवरून आणलेल्या स्पीकरसाठीही आकडे मिळाले तर सुताराला नेमके माप देता येते.

मी सांधा जुळवताना तंबोरा लावतो. काळी एकच्या तंबोऱ्याची खर्जाची तार सुमारे ६९ हर्ट्झला बोलते, तिचा पाया सबवूफरकडे जातो आणि वरची सगळी जवारी फुलरेंजकडे राहते. तार छेडल्यावर दोन्ही मिळून एकच तार वाटली पाहिजे. खालून वेगळा 'हूं' ऐकू आला की सबवूफरचा आवाज कमी करायचा, अगदी कंजूषपणे. आमचे चिऱ्यांच्या भिंतींचे कौलारू घर खर्ज फार साठवत नाही. सिमेंटच्या फ्लॅटमध्ये मात्र पाच मीटरच्या खोलीत ३४ हर्ट्झचा घुमारा हमखास उठतो. तिथे पेटी कोपऱ्यातून बाहेर काढावी.

केसरबाई केरकरांच्या ७८ गतीच्या तबकड्या लावताना मी सबवूफर बंदच ठेवतो. त्या काळच्या मुद्रणात शंभर हर्ट्झच्या खाली गाण्यातले फारसे काही उतरलेले नाही, असते ती फक्त टर्नटेबलची घरघर.