पाचगणीचा फारोख, 'क्वीन'चे अल्बम आणि त्यांच्या नव्या आवृत्त्या

मुंबई-गोवा महामार्गाने महाड मागे टाकून पोलादपूरला पोहोचले की दोन वाटा फुटतात. एक कशेडी घाट चढून खेडकडे जाते, दुसरी आंबेनळी घाटाने महाबळेश्वरकडे. या दुसऱ्या वाटेने सुमारे ४० किलोमीटरवर महाबळेश्वर आणि त्यापुढे वीसेक किलोमीटरवर पाचगणी लागते. सावित्रीच्या खोऱ्यातील गावांना पाचगणी ठाऊक आहे ती स्ट्रॉबेरी, टेबललँड आणि निवासी शाळांसाठी. यापैकीच सेंट पीटर्स या शाळेत १९५० च्या दशकाच्या मध्यास सुमारे आठ वर्षांचा एक पारशी मुलगा दाखल झाला. फारोख बलसारा हे त्याचे नाव. पुढे 'क्वीन' या ब्रिटिश रॉक वाद्यवृंदाचा गायक फ्रेडी मर्क्युरी म्हणून जगाने ओळखला तो हाच.

फारोखचा जन्म ५ सप्टेंबर १९४६ रोजी झांझिबारमधील स्टोन टाउन येथे झाला. वडील बोमी ब्रिटिश वसाहतीच्या सरकारी नोकरीत होते. घराण्याचे मूळ गुजरातेतील बलसाडचे, आडनावही त्यावरूनच आलेले. मुलाला शिक्षणासाठी भारतात पाठवावे, ही त्या काळच्या आफ्रिकेतील पारशी कुटुंबांची रीतच होती. बोटीने मुंबई, तेथून पुणे, वाई आणि पसरणीचा घाट असा पाचगणीचा नेहमीचा रस्ता असे. तेव्हा पोलादपूरच्या वाटेशी फारोखचे नाते जोडायचे ते केवळ नकाशापुरते. पाचगणीत मात्र तो वर्षानुवर्षे राहिला. तेथे तो पियानो शिकला आणि चौथ्या श्रेणीच्या परीक्षेपर्यंत पोहोचला, असे चरित्रकार नोंदवतात. बाराव्या वर्षाच्या सुमारास त्याने सोबत्यांसह 'द हेक्टिक्स' हा वाद्यवृंद काढला. गायक होता ब्रूस मरे. फारोख मागे बसून पियानो वाजवी. त्यातील डेरिक ब्रांच पुढे ब्रिटनमध्ये अभिनेता झाला, तर व्हिक्टरी राणा नेपाळच्या लष्करात वरिष्ठ सेनाधिकारी. ही मुले गात ती क्लिफ रिचर्ड आणि लिटल रिचर्ड यांची गाणी. गंमत अशी, की यातील क्लिफ रिचर्ड हाही लखनौत जन्मलेला.

१९६३ मध्ये फारोख झांझिबारला परतला. पुढच्याच वर्षी तेथे क्रांती झाली आणि बलसारा कुटुंबाला जीव मुठीत धरून इंग्लंड गाठावे लागले. लंडनजवळील फेल्टममध्ये त्यांनी नव्याने संसार मांडला. १९७० मध्ये गिटारवादक ब्रायन मे आणि ड्रमवादक रॉजर टेलर यांच्यासह 'क्वीन'ची स्थापना झाली. बासवादक जॉन डीकन १९७१ मध्ये आला आणि चौकडी पूर्ण झाली.

पहिला अल्बम 'क्वीन' जुलै १९७३ मध्ये ईएमआयने प्रसिद्ध केला. लंडनच्या ट्रायडेंट स्टुडिओत मोठे कलाकार नसतील त्या वेळात, बहुधा रात्री-अपरात्री, तो ध्वनिमुद्रित झाला होता. ड्रमचा कोरडा, दबलेला आवाज वाद्यवृंदाला तेव्हाही पसंत नव्हता, पण नवख्यांचे ऐकतो कोण? 'मॅड द स्वाइन' हे मर्क्युरीचे गाणे तर ध्वनिमिश्रणावरून निर्मात्याशी मतभेद झाल्याने वगळण्यात आले. या दोन्ही गोष्टी पन्नास वर्षांनी पुन्हा पुढे आल्या. त्याविषयी पुढे येईलच.

मार्च १९७४ मध्ये 'क्वीन टू' आला. त्याच वर्षी महाड तालुक्यातील रायगडावर शिवराज्याभिषेकाची त्रिशताब्दी साजरी झाली आणि त्या निमित्ताने एचएमव्हीने 'शिवकल्याण राजा' ही ध्वनिमुद्रिका काढली. हृदयनाथ मंगेशकरांचे संगीत, लता मंगेशकरांचा स्वर आणि बाबासाहेब पुरंदरे यांचे निवेदन असलेली ही तबकडी मराठी घराघरांत पोहोचली, पुढे कॅसेट व सीडीच्या रूपातही विकली गेली. एचएमव्हीचे बोधचिन्ह मिरवणारी ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडिया तेव्हा ब्रिटनच्या ईएमआय समूहातीलच होती. म्हणजे तानाजी मालुसऱ्यांच्या उमरठमध्ये ऐकली जाणारी तबकडी आणि पाचगणीच्या माजी विद्यार्थ्याची तबकडी एकाच कंपनी-घराण्यातील ठरते. अर्थात दोहोंचे श्रोते एकमेकांना ओळखत नव्हते, हेही तितकेच खरे.

'क्वीन'ला जगन्मान्यता मिळाली ती नोव्हेंबर १९७५ मधील 'अ नाइट अॅट द ऑपेरा' या अल्बममुळे. त्यातील 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' हे मर्क्युरीचे गाणे जवळपास सहा मिनिटांचे आहे. रेडिओवर तीन मिनिटांची गाणी वाजण्याच्या त्या काळात ते एकल तबकडी म्हणून काढणे हे धाडसच होते. गाण्यात ध्रुपद नाही. आरंभी संथ गायन, मग ऑपेराच्या धर्तीचा समूहगायनाचा भाग, नंतर जोरकस रॉक आणि अखेरीस पुन्हा शांतता. समूहगायनाचे स्वर तिघांनीच गायले आणि ते एकावर एक इतक्या वेळा चढवले, की फीत झिजून तिच्यातून उजेड पलीकडे दिसू लागला, असे वादकांनी पुढे सांगितले. हे गाणे ब्रिटनमध्ये सलग नऊ आठवडे अग्रस्थानी होते.

या काळातील अल्बमच्या वेष्टनांवर 'सिंथेसायझर वापरलेला नाही' अशी नोंद छापलेली असे. ही प्रतिज्ञा १९८० च्या 'द गेम'मध्ये मोडली. 'अ डे अॅट द रेसेस' (१९७६), 'न्यूज ऑफ द वर्ल्ड' (१९७७) आणि 'जॅझ' (१९७८) हे त्याआधीचे. 'जॅझ'चा आरंभ 'मुस्तफा' या मर्क्युरीच्या गाण्याने होतो. त्यात अरबी वळणाचे शब्द आणि स्वर आहेत. मुलाखतींत स्वतःच्या बालपणाविषयी फारसे न बोलणाऱ्या या गायकाच्या कानावर झांझिबारमध्ये काय पडले असेल, याची चाहूल लागते ती अशा ठिकाणी. त्यानंतरचा 'हॉट स्पेस' (१९८२) हा डिस्कोच्या नादी लागलेला अल्बम चाहत्यांना रुचला नाही, आणि आज ऐकतानाही तो सर्वांत अशक्त वाटतो. 'द वर्क्स' (१९८४) व १३ जुलै १९८५ रोजीचा वेम्ब्लीतील 'लाइव्ह एड' कार्यक्रम यांनी गेलेली पत परत मिळवून दिली.

मर्क्युरीचे स्वतंत्र अल्बम अवघे दोन. म्युनिकमध्ये तयार झालेला 'मिस्टर बॅड गाय' एप्रिल १९८५ मध्ये आला. तो त्याने आपल्या मांजरांना अर्पण केला आहे. दुसरा, ऑक्टोबर १९८८ मधील 'बार्सिलोना', हा स्पॅनिश ऑपेरा गायिका मॉन्सेरात काबाये हिच्याबरोबरचा. रॉक गायकाने ऑपेराच्या गायिकेशी बरोबरीने गाण्याचा असा प्रयोग त्याआधी क्वचितच झाला असेल. त्यातील शीर्षकगीत १९९२ च्या बार्सिलोना ऑलिम्पिकच्या वेळी जगभर पोहोचले. ते ऐकायला मर्क्युरी मात्र नव्हता. २४ नोव्हेंबर १९९१ रोजी, एड्स झाल्याचे जाहीर केल्याच्या दुसऱ्याच दिवशी, वयाच्या ४५ व्या वर्षी त्याचे लंडनमध्ये निधन झाले. त्या डिसेंबरात 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' पुन्हा प्रसिद्ध झाले व पुन्हा अग्रस्थानी गेले. त्याचे उत्पन्न एड्सविषयक कार्य करणाऱ्या संस्थेला देण्यात आले.

पुनर्प्रकाशन म्हणजे नेमके काय?

येथून पुढचा इतिहास नव्या अल्बमचा कमी आणि जुन्यांच्या नव्या आवृत्त्यांचा अधिक आहे. ग्राहकाचा गोंधळ होतो तो येथेच, कारण वेष्टनावरचे दोन शब्द सारखे भासतात. 'रीमास्टर' म्हणजे तयार झालेल्या अंतिम ध्वनिमुद्रणाचा पोत सुधारणे. आवाजाची पातळी, खर्ज व तार यांचा तोल बदलतो. पण कोणते वाद्य किती पुढे, हे मूळचेच राहते. 'रीमिक्स'मध्ये मात्र थेट मूळ बहुमार्गी फितींपर्यंत मागे जाऊन प्रत्येक वाद्य व कंठ नव्याने मांडला जातो. पहिला प्रकार म्हणजे जुन्या छायाचित्राची सफाई, दुसरा म्हणजे त्याच माणसांना पुन्हा उभे करून काढलेले छायाचित्र. गायक हयात नसेल तर दुसऱ्या प्रकाराला संमती कोणाची, हा प्रश्न उरतोच.

'क्वीन'च्या बाबतीत दोन्ही प्रकार झाले. अमेरिकेतील हक्क घेतल्यावर हॉलिवुड रेकॉर्ड्सने १९९१ मध्ये जुने अल्बम जादा गाण्यांसह सीडीवर आणले. वाद्यवृंदाच्या चाळिसाव्या वर्षी, २०११ मध्ये, युनिव्हर्सलने सर्व १५ स्टुडिओ अल्बम पाच-पाचच्या तीन हप्त्यांत काढले. बॉब लुडविग या नामांकित तंत्रज्ञाने त्यांचे रीमास्टर केले. या आवृत्त्यांत मूळ कृतीला धक्का नाही. ज्याला प्रथमच ऐकायचे आहे त्याने याच घ्याव्यात.

'मिस्टर बॅड गाय'ची गोष्ट वेगळी. त्यातील 'लिव्हिंग ऑन माय ओन' हे गाणे १९८५ मध्ये ब्रिटनमध्ये विशेष चालले नव्हते. १९९३ मध्ये त्याला नृत्यसंगीताचा नवा ठेका देऊन रीमिक्स काढण्यात आले आणि ते थेट अग्रस्थानी पोहोचले. यशाच्या मापाने हा विजयच. पण मूळ गाण्यातील एकाकीपण त्या ठेक्यात हरवले आहे. २०१९ मध्ये संपूर्ण अल्बमचे नव्याने मिश्रण झाले. ते अधिक संयत आहे, आणि मर्क्युरीचा आवाज त्यात मूळ तबकडीपेक्षा मोकळा ऐकू येतो. 'बार्सिलोना'वर २०१२ मध्ये याहून मोठी शस्त्रक्रिया झाली. १९८८ मध्ये सिंथेसायझरवर भागवलेली साथ काढून तेथे प्रागच्या वाद्यवृंदाची खरी साथ बसवण्यात आली. काबायेच्या आवाजाला ती शोभते यात शंका नाही. मात्र या आवृत्तीला मूळ म्हणणे अवघड आहे.

या साऱ्यात सर्वाधिक हृदयस्पर्शी आहे तो नोव्हेंबर १९९५ मधील 'मेड इन हेवन'. अखेरच्या महिन्यांत स्वित्झर्लंडमधील माँत्रो येथे मर्क्युरी शक्ती असेल तेवढे गात राहिला आणि संगीत नंतर भरा, असे सोबत्यांना सांगून गेला. 'मदर लव्ह' या गाण्याचे अखेरचे कडवे गायला तो परतू शकला नाही. ते ब्रायन मेने गायले आहे. अल्बमची लांबी भरण्यासाठी 'मिस्टर बॅड गाय'मधील दोन गाणीही नव्या साथीसह घेण्यात आली. येथे संमतीचा प्रश्न निदान अर्धा सुटतो, कारण काही गाणी त्याने याच हेतूने गायली होती.

अलीकडच्या आवृत्त्यांपैकी दोन महत्त्वाच्या. नोव्हेंबर २०२२ मध्ये 'द मिरॅकल' (१९८९) या अल्बमचा संग्राहकांसाठीचा संच आला. 'फेस इट अलोन' हे तोवर अप्रकाशित राहिलेले मर्क्युरीचे गाणे त्याआधी महिनाभर प्रसिद्ध झाले होते. ऑक्टोबर २०२४ मध्ये पहिला अल्बम 'क्वीन वन' या नावाने सहा सीडी व एका एलपीच्या संचात पुन्हा काढण्यात आला. ड्रमचा तो नावडता आवाज बदलला आहे आणि 'मॅड द स्वाइन' आपल्या मूळ जागी परतले आहे. हे बदल मे आणि टेलर यांच्या देखरेखीखाली झाले, म्हणून त्यांना अधिकार आहे. परंतु १९७३ चा कोरडा, घाईचा आवाज हाही इतिहासच होता. तो ऐकायचा तर जुनी प्रतच शोधावी लागेल. मुंबईत अशी तबकडी हमखास मिळण्याचे ठिकाण असलेले काळा घोड्याचे 'ऱ्हिदम हाउस' २०१६ मध्ये बंद झाले.

इतक्या आवृत्त्या निघतात, कारण मागणी संपलेली नाही. १९८१ चा 'ग्रेटेस्ट हिट्स' हा संग्रह ब्रिटनमध्ये ७० लाखांहून अधिक प्रतींनिशी सर्वाधिक विकला गेलेला अल्बम ठरला आहे. २०१८ च्या 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' या चित्रपटाने नवी पिढी मिळवून दिली. त्यात पाचगणीची वर्षे पडद्यावर दिसत नाहीत. २०२४ च्या जूनमध्ये 'क्वीन'च्या गाण्यांचे हक्क सोनी सुमारे एक अब्ज पौंडांना घेत असल्याचे वृत्त जगभर झळकले.

फेल्टमच्या घरावर २०१६ मध्ये निळी स्मृतिपाटी लागली, तर स्टोन टाउनमध्ये २०१९ मध्ये संग्रहालय उभे राहिले. पाचगणीत चाहते सेंट पीटर्सच्या फाटकाशी येतात, शाळेची इमारत पाहतात. नव्याने ऐकू इच्छिणाऱ्याने 'अ नाइट अॅट द ऑपेरा'ने आरंभ करावा, नंतर 'शीअर हार्ट अॅटॅक' (१९७४) व 'इन्युएंडो' (१९९१) घ्यावेत. हे तिन्ही २०११ च्या आवृत्तीत आहेत.