लायपोसोम त्वचा ओलांडत नाही

क्रीमच्या डबीवर 'लायपोसोमल' असं लिहिलेलं असलं की बहुधा सोबत एक चित्र येतं. गोल पुटिका, तिच्या पोटात व्हिटॅमिन सी, आणि ती थरामागून थर पार करत खोल डर्मिसपर्यंत निघालेली. हे चित्र आता जाहिरातीपुरतं उरलेलं नाही. शिकलीसवरलेली माणसंही ते सिद्ध गोष्ट म्हणून सांगतात. माझ्या मते ते साफ चूक आहे.

आधी पूर्वपक्ष नीट मांडायला हवा. लेसिथिनसारखी स्निग्धद्रव्यं पाण्यात आपोआप दुहेरी पापुद्र्याच्या पुटिका बनवतात, हे केंब्रिजजवळच्या बाब्राहममध्ये अ‍ॅलेक बँगहॅम यांनी 1960च्या दशकात दाखवलं. पाण्यात विरघळणारं औषध पोटात, तेलात विरघळणारं भिंतीत. वैद्यकानं या शोधाचं सोनं केलं. आपल्या परळच्या केईएममध्ये डॉ. नीलिमा क्षीरसागर यांनी लायपोसोममधलं अ‍ॅम्फोटेरिसिन-बी विकसित केलं; मूत्रपिंडांवर घाला घालणारं हे औषध त्या रूपात रुग्णांना अधिक सोसवतं. पण ही कीर्ती शिरेतून दिलेल्या लायपोसोमची आहे. 1986 मध्ये डिओरचं 'काप्त्यूर' क्रीम बाजारात आलं, आणि पुढे शिरेतलं यश त्वचेच्या खात्यावर जमा होत गेलं.

त्वचेचं प्रकरण निराळं आहे. सर्वांत वरचा मृत थर, म्हणजे स्ट्रेटम कॉर्नियम, जेमतेम 10 ते 20 मायक्रोमीटर जाडीचा. पण केराटिननं भरलेल्या चपट्या पेशींमध्ये सिरामाइड, कोलेस्टेरॉल आणि मेदाम्लांचं घट्ट लिंपण असतं. 100 नॅनोमीटरच्या पुटिकेहून या फटी अरुंद, शिवाय भरलेल्या. तिथून ती साबूत जाणार कशी?

यावर उत्तर येतं, की सूक्ष्मदर्शकाखाली रंग आत गेलेला दिसतो. हा हेत्वाभास आहे. रंग स्निग्धरेणूला जोडलेला असतो; तो आत दिसला तर रेणू आत गेला, एवढंच सिद्ध होतं. पुटिका अखंड होती की फुटली, याचा त्यातून काहीच बोध होत नाही. डेन्मार्कमधल्या संशोधकांनी 2016 मध्ये नेमक्या याच मुद्द्याला हात घातला. नुकत्याच काढलेल्या मानवी त्वचेवर त्यांनी लायपोसोम लावले आणि एकेक पुटिका वेगळी ओळखता येईल इतक्या बारकाईनं पाहिलं. एका पुटिकेला दोन रंग देऊन ते जोडीनं हलतात का, हेही मोजलं. पृष्ठभागाखाली साबूत पुटिका जवळजवळ सापडलीच नाही. सोडियम कोलेट घातलेले लवचीक लायपोसोमही त्यांनी तपासले होते. हे महत्त्वाचं, कारण 'साधे अडत असतील, पण लवचीक घुसतात' ही पूर्वपक्षाची शेवटची ढाल असते. या लवचीक पुटिकांनी रंग अधिक आत पोहोचवला खरा, पण त्याही फुटूनच.

मग लायपोसोम म्हणजे निव्वळ थोतांड, असं म्हणणारा दुसरा पक्षही मला मान्य नाही. पुटिका वर फुटते, तिची स्निग्धद्रव्यं लिंपणात मिसळतात, त्याची घट्ट बांधणी सैल होते आणि औषधाला वाट मिळते. काम होतंच, फक्त वाहकाचं श्रेय मिश्रणाला द्यायला हवं. कॅनडातले मेझेई आणि गुलशेखरम यांचा 1980 चा प्रयोग पूर्वपक्ष नेहमी पुढे करतो. तो मुळातून वाचावा. सशांच्या त्वचेवर ट्रायम्सिनोलोन हे स्टेरॉइड लायपोसोममधून लावल्यावर ते त्वचेच्या थरांत चार-पाच पट अधिक सापडलं आणि मेंदूतल्या थॅलॅमसच्या भागात कमी. म्हणजे औषध त्वचेत थांबलं, हे त्याचं खरं मोल! चंडीगढच्या वैद्यक आणि औषधनिर्माणशास्त्रातल्या मंडळींनी सोरायसिसवरचं डिथ्रॅनॉल लायपोसोममध्ये बांधलं तेही याच ओढीनं. हे औषध गुणकारी, पण चट्ट्याभोवतीची निरोगी कातडी भाजतं, कपड्यांवर न जाणारे डाग पाडतं आणि रुग्ण कंटाळून उपचार सोडतो. लायपोसोममध्ये हा त्रास घटला. खोल घुसण्याची बढाई इथे कुणाला मारावी लागली नाही.

म्हणून उत्पादकांकडे मागायचा पुरावा बदलला पाहिजे. पुटिकेचा आकार किती नॅनोमीटर, हे छापून काही सिद्ध होत नाही. क्रीम लावल्यावर चिकटपट्टीनं एकेक थर उचलून, कोणत्या थरात औषध किती राहिलं ते मोजता येतं. तेच औषध साध्या क्रीममधून लावून तुलना करता येते. ते आकडे डबीवर छापा.