अवकाशयानाचे सुकाणू

नावाड्याच्या वल्ह्याला पाण्याचा आधार असतो, पक्ष्याच्या पंखाला हवेचा. निर्वात अवकाशातून जाणाऱ्या यानाला मात्र बाहेरचा कसलाच आधार नाही. दिशा बदलावयाची, तर स्वतःजवळचेच काही द्रव्य त्याने वेगाने बाहेर फेकले पाहिजे. अनेक यानांमध्ये हे काम ज्या द्रव्याने केले, त्याचे नाव हायड्राझीन.

नायट्रोजनचे दोन आणि हायड्रोजनचे चार अणू मिळून झालेले हे विषारी संयुग. जर्मन रसायनशास्त्रज्ञ थिओडोर कुर्टिउस यांनी ते १८८७ साली प्रथम हाती आणले. दुसऱ्या महायुद्धात मेसरश्मिट १६३ या जर्मन विमानाच्या इंधनात त्याचा वापर झाला. पण तेथे ज्वलनासाठी हायड्रोजन पेरॉक्साइडची जोड लागे. हायड्राझीनचा खरा गुण निराळाच होता. योग्य उत्प्रेरकाचा स्पर्श होताच ते एकट्यानेच विघटन पावते. त्यातून अमोनिया, नायट्रोजन आणि विपुल उष्णता निर्माण होते. अमोनियाचा काही भाग पुढे पुन्हा फुटतो, आणि तप्त वायू झोताने बाहेर पडतात. दुसरे द्रव्य नको, ठिणगी नको. एक टाकी आणि एक झडप पुरे.

अडचण होती ती उत्प्रेरकाची. लोह, निकेल, कोबाल्ट यांवर अमेरिकेच्या जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीत प्रयोग झाले. परंतु आधी तापविल्यावाचून हे धातू काम देत नसत. म्हणून १९६२ साली शुक्राकडे निघालेल्या मरिनर २ या यानात हायड्राझीन पेटविण्यासाठी नायट्रोजन टेट्रॉक्साइडची छोटी कुपी ठेवावी लागली. मार्ग सुधारला नसता, तर ते यान शुक्रापासून सुमारे पावणेचार लाख किलोमीटर दूरून गेले असते. ४ सप्टेंबरला इंजिन चालले, आणि १४ डिसेंबरला यान सुमारे ३५,००० किलोमीटर अंतरावरून गेले. पण जितक्या कुप्या, तितक्याच वेळा प्रज्वलन, ही मर्यादा उघड होती.

ती मर्यादा दूर केली शेल कंपनीच्या संशोधकांनी. याच दशकात त्यांनी ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या सच्छिद्र कणांवर इरिडियम हा दुर्मिळ धातू बसविला. कणांच्या वजनाचा जवळजवळ तिसरा हिस्सा इरिडियमचाच असे. ‘शेल ४०५’ या नावाने ओळखल्या गेलेल्या या उत्प्रेरकावर थंड हायड्राझीनही तत्काळ विघटित होऊ लागले. झडप उघडावी, झोत निघावा, मिटावी, थांबावा, आणि हे हजारो वेळा.

त्याची खरी कसोटी फार पुढे लागली. १९७७ साली निघालेल्या व्हॉयेजर १ चा अँटेना पृथ्वीकडे वळलेला ठेवणारी छोटी इंजिने झिजत चालली, तेव्हा २८ नोव्हेंबर २०१७ रोजी १९८० पासून न वापरलेली चार इंजिने चालविण्याचा आदेश गेला. प्रकाशवेगाने येणाऱ्या संदेशालाही १९ तास ३५ मिनिटे लागली. उत्तर आले : चारही इंजिने चालली होती. पुढे या इंजिनांत अडथळा आला, तोही उत्प्रेरकामुळे नव्हे. टाकीतील रबरी पडदा जुना होऊन त्यातून निघालेल्या सिलिकॉन डायऑक्साइडने इंधनाची बारीक नळी तुंबत गेली, आणि २०२४ साली पुन्हा इंजिने बदलावी लागली.

एवढ्या दूरच्या यानाशी मानवाचा संवाद टिकला, तो या मूठभर कणांच्या आधारावर. स्वतः न जळता दुसऱ्याचे सामर्थ्य जागे करणे, हेच उत्प्रेरकाचे कार्य होय.