पवनचक्कीतील गणिती : जॉर्ज ग्रीन

इ. स. १८२३ मध्ये इंग्लंडमधील नॉटिंगहॅम शहराच्या वर्गणी ग्रंथालयात एक नवा सभासद दाखल झाला. शहरालगतच्या स्नेंटन गावी त्याच्या वडिलांची पवनचक्की होती आणि तेथे धान्य दळण्याच्या कामात तो वडिलांना हातभार लावीत असे. गणिती भौतिकशास्त्राच्या आद्य प्रवर्तकांत ज्यांची गणना होते, ते हेच जॉर्ज ग्रीन.

१७९३ साली जन्मलेल्या ग्रीन यांना शाळा लाभली ती वयाच्या आठव्या-नवव्या वर्षी, जेमतेम वर्षभर. पुढचे सारे अध्ययन स्वतःच्या बळावर झाले. दिवसाचे काम आटोपून उरलेल्या वेळात त्यांनी लाप्लास, प्वासाँ यांसारख्या फ्रेंच गणितज्ञांचे विचार आत्मसात केले. या साधनेचे फळ म्हणजे विद्युत् व चुंबकत्व यांच्या उपपत्तींना गणिती विश्लेषण लागू करणारा १८२८ चा निबंध.

हा निबंध प्रकाशात आला तो सुमारे ५० वर्गणीदारांच्या आश्रयावर. त्यांतील बरेच जण त्याच ग्रंथालयाचे सभासद होते. त्यांपैकी फारच थोड्यांना त्यातील गणित उमगले असेल. तरीही प्रत्येकी साडेसात शिलिंग मोजून त्यांनी आपल्या सहसभासदाचा ग्रंथ घेतला.

‘विभव’ ही संकल्पना ग्रीन यांनी या निबंधात नाव देऊन पायाभूत केली. बंदिस्त अवकाशातील राशींचा संबंध त्याच्या पृष्ठभागावरील राशींशी जोडणारे प्रमेयही त्यांनी मांडले. एका बिंदूवरील एकक विद्युत्‌भाराचा परिणाम एकदा ठाऊक झाला, की अशा परिणामांच्या बेरजेने संपूर्ण वितरणाचे उत्तर मिळते, हे ‘ग्रीन फलना’चे मर्म होय.

विद्वज्जगताने मात्र निबंधाची दखल घेतली नाही. वर्गणीदारांपैकी सर एडवर्ड ब्रॉमहेड या गणितज्ञ गृहस्थांच्या प्रोत्साहनाने ग्रीन १८३३ मध्ये, वयाच्या चाळिशीत, केंब्रिजला विद्यार्थी म्हणून गेले. १८३७ च्या गणित परीक्षेत ते चौथे आले, १८३९ मध्ये महाविद्यालयाचे फेलो झाले आणि ३१ मे १८४१ रोजी स्नेंटन येथेच निवर्तले.

निबंधाचा उल्लेख वाचून त्याच्या शोधात असलेल्या विल्यम थॉमसन या तरुणाला (पुढे लॉर्ड केल्विन) १८४५ च्या जानेवारीत आपल्या शिक्षकांकडे, हॉपकिन्स यांच्याकडे, त्याच्या प्रती सापडल्या. त्याने निबंध पॅरिसच्या गणितज्ञांना दाखविला. त्याच्याच खटपटीने १८५० ते १८५४ या काळात तो क्रेले यांच्या जर्मन नियतकालिकात पुनर्मुद्रित झाला. विसाव्या शतकात ज्युलियन श्विंगर यांनी पुंज विद्युत्‌गतिकीत ग्रीन फलनांचा विपुल उपयोग केला. १९९३ मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीत न्यूटन यांच्या समाधीनजीक ग्रीन यांची स्मृतिशिला बसली.

हा सन्मान मृत्यूनंतर दीड शतकाने लाभला. तो शक्य झाला, कारण एका ग्रंथालयाने गिरणीवाल्याला आपले दार उघडले होते, आणि कोणी तरी त्याच्या निबंधाच्या प्रती जपून ठेवल्या होत्या.