कल्हईची देग आणि भांडी धुण्याचे यंत्र

गेल्या रमजानमध्ये एका रात्री तरावीहहून घरी आलो, तर अम्मी मोरीपाशी स्टुलावर बसून भांडी घासत होती. गुडघ्याच्या ऑपरेशनला तेव्हा चार महिनेही झाले नव्हते. पत्नीची रुग्णालयात रात्रपाळी होती आणि भांड्यांना येणाऱ्या मावशींनी सुनेच्या बाळंतपणासाठी सुट्टी घेतली होती. मी म्हणालो, "अम्मी, ऊठ, मी करतो." ती म्हणाली, "तुझ्यानं होणार नाही." खरेच होते ते. वयाची पंचेचाळीस वर्षे गेली, पण इफ्तारनंतरची देग मी कधी घासली नव्हती. त्याच रात्री डिशवॉशर घ्यायचे ठरवले. यंत्र निवडता निवडता इतिहासात शिरलो, तो असा.

या यंत्राचा जन्म झाला एका बाईच्या वैतागातून. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात शेल्बीव्हिल नावाचे गाव आहे. तिथल्या जोसेफीन कॉक्रेन यांच्या घरातली जुनी चिनी मातीची भांडी नोकरांच्या हातून धुताना टवके उडून खराब होत. 1883 मध्ये नवरा वारला, मागे कर्ज राहिले. घराच्या मागच्या शेडमध्ये एका मेकॅनिकच्या मदतीने त्यांनी यंत्र बांधले. ताटल्या-कपांच्या मापाचे तारेचे कप्पे आणि त्यावर दाबाने साबणाच्या गरम पाण्याचा मारा, अशी त्याची रचना होती. 28 डिसेंबर 1886 रोजी त्यांना पेटंट मिळाले. 1893 च्या शिकागो जागतिक प्रदर्शनात ते यंत्र गाजले. हे तेच वर्ष आणि तेच शहर, जिथल्या सर्वधर्मपरिषदेत स्वामी विवेकानंद बोलले आणि इस्लामच्या वतीने अलेक्झांडर रसेल वेब हे अमेरिकन नवमुस्लिम उभे राहिले. त्या परिषदेवर आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले. पण त्याच शहरात त्याच साली एका विधवेचे यंत्र ढीगभर ताटल्या धुत होते, हे कुणी सांगत नाही.

यंत्र विकत घेतले ते हॉटेलांनी. घराघरांत ते जायला पुढे कित्येक दशके लागली, कारण बहुतेक घरांत तेवढे गरम पाणीच नव्हते. यंत्र चांगले असून भागत नाही, घरातले पाणीही त्याच्या जोगे लागते. तारोडीत हा धडा मला सव्वाशे वर्षांनी पुन्हा गिरवावा लागला.

आपल्याकडे आणखी एक अडचण होती, ती भांड्यांची. आमच्या आजीच्या घरात तांब्या-पितळेची भांडी होती. राख, चिंच आणि नारळाचा काथ्या हे त्यांचे साबण. कल्हई गेलेल्या भांड्यात आंबट पदार्थ कळकतो, म्हणून कल्हईवाला ठरलेल्या दिवसांत दारात यायचा. आमच्याकडे येणारा मुसलमानच असे. जमिनीत खड्डा करून तो भाता लावायचा, भांडे तापवायचा, नवसागर टाकायचा, की पांढरा धूर उठायचा. मग कथिलाची कांडी फिरवून कापसाच्या बोळ्याने पुसले की काळे भांडे क्षणात चांदीसारखे व्हायचे. कल्हई हा शब्दही अरबीतून आला. 'कलई' म्हणजे कथील, आणि ते नाव मलाया किनाऱ्यावरच्या कलाह बंदरावरून पडले असे मानतात. दूरच्या समुद्रापलीकडचे कथील आजीच्या देगीत येऊन बसले होते.

ती देग आज अम्मीकडे आहे. ती यंत्रात घालता येत नाही. डिशवॉशरची पावडर तीव्र अल्कधर्मी असते. तिने तांबे-पितळ निस्तेज होते, अॅल्युमिनियम काळे पडते, कल्हईही खराब होते. चालते ते स्टेनलेस स्टील, काच आणि चांगली चिनी माती. स्टीलची भांडी घरोघरी आली नसती, तर हे यंत्र मराठी स्वयंपाकघरात शिरलेच नसते. आणि स्टीलच्या भांड्यांचे मोठे कारखानदारी केंद्र कुठे होते? आमच्याच भाईंदरमध्ये. भाईंदर पूर्वेच्या गाळ्यांत पत्रे दाबून वाट्या-ताटे निघत, त्यांतलीच कितीतरी आमच्या मांडणीवर आहेत.

आता पाणी. कूपनलिकेच्या पाण्यात क्षार असले की पेल्यांवर पांढरे डाग पडतात. म्हणून यंत्रात पाणी मऊ करणारा भाग असतो आणि त्याला मीठ लागते. मी हसत म्हणालो, "मिठागरांच्या भाईंदरमध्ये मीठ विकत आणायचे?" पण आणावेच लागते. मिठागराच्या जाड्या मिठात कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि माती असते. यंत्राला शुद्ध मीठ हवे.

दुसरी गोष्ट दाबाची. दहा मीटर उंचीवरच्या पाण्याचा दाब साधारण एक बार. आमचे घर बैठे, टाकी नळापासून जेमतेम तीन मीटर वर, म्हणजे दाब 0.3 बार. काही यंत्रांना किमान 0.5 लागतो. एका दुकानदाराने हे न सांगताच यंत्र गळ्यात मारायचा प्रयत्न केला. दुसऱ्याने दुरुस्तीला माणूस "नक्की येईल" म्हटले, पण उत्तनच्या पुढे यायचे म्हटल्यावर गप्प झाला. तेव्हा माझी कसोटी ठरली. आधी दुरुस्तीचा माणूस कुठून येतो ते विचारायचे, मग पाण्याचा दाब, मग कढई मावते का, आणि रंग-रूप सर्वांत शेवटी. खाऱ्या हवेत गंज लवकर धरतो, म्हणून आतली टाकी पूर्ण स्टीलची हवी.

अम्मीचा प्रश्न वेगळाच होता. "तेच तेच पाणी फिरवून भांडी पाक होतात का?" शेजारच्या ख्रिस्ती काकूंनाही खरकट्याची तीच शंका. मी पुस्तिका वाचून दाखवली. धुतलेले पाणी यंत्र बाहेर टाकते आणि नवे घेऊन पुन्हा विसळते. शिवाय उष्टे-खरकटे म्हणजे नापाक नव्हे, हे अम्मीनेच मला लहानपणी शिकवले होते. भरलेल्या यंत्राला एका वेळी दहा-बारा लिटर पाणी पुरते. नळ सोडून घासणाऱ्याला याहून कितीतरी जास्त लागते. बादली-तांब्याने जपून धुणाऱ्या अम्मीशी मात्र यंत्राने पैज लावू नये.

मावशी परत आल्यावर त्यांचे काय, हा प्रश्न मला सतावत होता. 2020 च्या टाळेबंदीत शहरांत ही यंत्रे भराभर खपली, तेव्हा घरी बसलेल्या बायकांचा हिशेब कुणी मांडला नाही. आमच्याकडे त्या आता स्वयंपाकात मदत करतात, पगार तोच आहे.

यंत्र आले, नीट चालते. देग मात्र त्यात जात नाही. शहरात शोधून एक म्हातारा कल्हईवाला सापडला, त्याच्याकडून ती पांढरी करून आणली. ईदच्या दिवशी बिर्याणी तिच्यातच झाली. संध्याकाळी मोरीपाशी मी बसलो आणि अम्मी खुर्चीवरून सांगत होती, "तारेची घासणी नको, कल्हई जाईल. काथ्या घे."